सुवार्ताबाईंचे दाखले

सुवार्ताबाईंच्या शेजारी राहायचं म्हणजे घरातली कुठलीही वस्तू नुसती वस्तू म्हणून वापरायची सोय उरत नसे. चाळणी, कुलूप, मच्छरदाणी, नळाची तोटी, जिच्याकडे त्यांची नजर जाई तिच्यातून त्यांना प्रभू काहीतरी सांगताना दिसे, आणि प्रभूनं सांगितलेलं स्वतःपाशी ठेवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्याला त्या ‘दाखला’ म्हणत. “थांब व वर्षा, याच्यात एक दाखला हाये,” म्हणून त्यांनी चष्मा वर सरकवला की मी गॅस बारीक करत असे. नाहीतर भाजी करपलीच म्हणून समजा.

मला उपदेशाचं लहानपणापासून वावडं. माझं माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत, काका वकील, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा आम्हा पोरींना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगूनच चहाचा कप खाली ठेवायचा. लग्न होऊन घाटंजीला आले तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची. तर भिंतीला भिंत लागून सुवार्ताबाई साळवे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात त्या आणि त्यांचा मुलगा योएल. ठेंगणी मूर्ती, बारीक फुलांची सुती साडी, कपाळ मोकळं, आणि बाराही महिने हातात छत्री. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री असायची. “मास्तरणीच्या हाताले काही तरी लागते,” म्हणत. “आधी छडी होती, आता छत्री.”

पहिली भेट नळावर झाली. आमच्या गल्लीत नळ यायचा तो आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि येण्याआधी बराच वेळ नुसता फुसफुसायचा. मी नवी. घागर लावून बसले, तोटीतून हवाच हवा. कंटाळून तोटी बंद करायला गेले तर कुंपणापलीकडून आवाज आला, “बंद नको करू, पोरी! आधी हवाच येते. प्रार्थनेचंबी तसंच असते. सुरवातीला नुसती फुसफुस. माणसाले वाटते, रिकामाच हाये पाइप. तोटी उघडी ठेवाची.”

मी म्हटलं, “आणि हवा येऊन नळ गेला तर?”

त्या पोट धरून हसल्या. “मंग टँकर!”

त्या हसण्यामुळं मी त्यांना माफ करून टाकलं. उपदेश करणाऱ्या माणसाला स्वतःच्या उपदेशावर हसता येतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांची प्रार्थना मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येई. तिची भाषा निराळीच, एकदम सोवळ्यातली. “हे दयाळू पित्या, तू आम्हांस आजचा दिवस दाखविलास म्हणून आम्ही तुझी उपकारस्तुती करितो,” असं गंभीर आवाजात चाललेलं असे. ‘आमेन’ झालं की पुढच्याच श्वासाला, “योएल, अरे तो दूधवाला काहून नाही आला आज?” देवाशी छापील बोलणाऱ्या या बाई माणसांशी मात्र वऱ्हाडीतच बोलत. शाळेतही म्हणे तशाच बोलत, आणि त्यावरून साहेबांची बोलणी खात.

दाखले काही सगळेच चांगले नसत. मच्छरदाणीचा दाखला मला शेवटपर्यंत कळला नाही. पण काही असे होते की नको म्हटलं तरी अंगाला चिकटले. एकदा माझं आणि नवऱ्याचं जोरात वाजलं. भिंती काय, नावाच्याच. दुसऱ्या दिवशी बाई वाटीभर चटणी घेऊन आल्या, भांडणाचा विषयही काढला नाही. ओट्यावरच्या कुकरकडं पाहून म्हणाल्या, “वाफ कोंडली असन तवा झाकण ओढू नये. शिट्टी होऊ द्याव, थंडं होऊ द्याव, मंग उघडाव. नाही त वरण छताले.” मला असा राग आला की चटणी परत करावीशी वाटली. पण नंतर आमच्या घरात ती म्हणच पडली. आमचे हे अजूनही कपाळाला आठी घालून विचारतात, “शिट्टी झाली का? बोलू का आता?”

भाकरीचाही एक दाखला होता. पहिली भाकर तव्यावर मोडली म्हणून मी चडफडत होते. बाई म्हणाल्या, “पयली भाकर तव्याची असते, खाणाऱ्याची नाही. तवा तापाचा हाये अजून. प्रभू काही पयल्या भाकरीवरून बाई सुगरण का फुहड ते ठरवत नाही.” हा दाखला मात्र मी माझ्या मुलीलाही सांगितला आहे, प्रभूचं नाव गाळून. बाईंना ते कळलं असतं तर हसल्या असत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात फडताळावर पत्र्याचा एक डबा असे. झाकणावर खिळ्यानं क्रूस कोरलेला. ती ‘प्रभूची मूठ’. रोज भात टाकताना तांदूळ मापून घ्यायचे, एक वाटी योएलची, अर्धी स्वतःची. त्यातून एक मूठ काढून आधी त्या डब्यात टाकायची, आणि मगच तांदूळ धुवायचे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या बायका अजून हे पाळतात. महिन्याकाठी डबा भरला की रविवारी देवळात नेऊन ठेवायचा, आणि पाळकसाहेब ते तांदूळ ज्याच्या घरी चूल पेटण्याची अडचण असेल त्याच्याकडे पोचवायचे. पाळकसाहेब म्हणजे त्यांच्या देवळाचे धर्मगुरू, तरुण, नवे, जरा घाईनं बोलणारे. बाईंचा एक नियम पक्का होता. एकदा मापून काढलेलं धान्य परत कोठीत टाकायचं नाही. “ज्याच्या नावानं मापलं, त्याचं झालं ते,” म्हणत.

योएल तिशीचा. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला होता, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन करायचा. आईच्या दुप्पट उंच आणि निम्म्यानं बोलका. त्याला भाकर आवडे ती कडक, पापडासारखी वाजणारी. ताटात मऊ भाकर आली की तो ती उचलून निखाऱ्यावर परत टाकी. आईच्या दाखल्यांना तो सरावलेला होता, पण एकदा त्याचाही तोल गेला. भर उन्हात गाडी पंक्चर झाली, दोन तास ढकलत आला, घामानं निथळत ओसरीवर बसला. बाई पाणी घेऊन आल्या आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “पाह्य बरं, एवढासा खिळा, पण…”

योएलनं दोन्ही हात जोडले. “आई, तुह्या पाया पडतो. पंक्चरले पंक्चरच राहू दे ना व!”

बाई इतक्या हसल्या की हातातलं पाणी सांडलं. पुढं कितीतरी दिवस गल्लीत कुणी काही शिकवायला लागलं की आम्ही म्हणायचो, पंक्चरला पंक्चर राहू द्या.

त्याच योएलला त्या पावसाळ्यात रस्त्यावर एका ट्रकनं उडवलं. सकाळी डबा घेऊन गेलेला मुलगा दुपारी चादरीत गुंडाळून आला. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. बाई रडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या पायातला एकच राहिलेला बूट काढला, त्यातला चिखल आपल्या पदरानं पुसला आणि तो दाराशी नेहमीच्या जागी ठेवला.

दफन झालं, लोक पांगले, आणि मग सुरू झालं ते सांत्वन. मला तेव्हा कळलं की दुःख झालेल्या घरात सगळ्यांनाच एकदम वाचा फुटते. येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येई. कुणी म्हणे परीक्षा आहे, कुणी म्हणे योजना आहे. कुणी म्हणे, तुम्ही इतक्यांना धीर दिलात, तुम्हाला आम्ही काय सांगणार, आणि मग अर्धा तास सांगत बसे. बाई भिंतीला टेकून ऐकत. चष्मा एकदाही वर सरकला नाही. ज्या बाईला नळाच्या तोटीत देव दिसायचा, तिच्या तोंडून एक अक्षर निघेना. भिंतीपलीकडची प्रार्थनाही बंद झाली. मी हिंदू घरातली, देवाधर्माच्या बाबतीत आळशी, पण मला त्या शांततेची भीती वाटायची. रोज सकाळी मी भिंतीला कान लावून उभी राहायची.

त्यातच तो डब्याचा प्रसंग घडला. पाळकसाहेब भेटायला आले होते. मी चहा टाकत होते. त्यांची नजर फडताळावर गेली. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, तांदूळ काठोकाठ आले होते. त्यांनी डबा उचलला आणि खरोखरच्या आनंदानं म्हणाले, “बाई, महिन्यात भरणारा डबा आठवड्यात भरला! बघा, दुःखातही प्रभू तुमच्या हातून किती देववतो. मोठा आशीर्वाद आहे हा.”

बाई म्हणाल्या, “आशीर्वाद नाही, साहेब. योएलचं जेवण हाये थे.”

पाळकसाहेबांना समजलं नाही. मला समजलं, आणि चहा उतू गेला. रोज संध्याकाळी सवयीनं बाईंचा हात योएलची वाटी मापत होता. मापून झाल्यावर लक्षात येई. मापलेलं परत कोठीत टाकायचं नाही हा नियम, आणि शिजवायचं तर खाणारा नाही. मग ती पूर्ण वाटी डब्यात जाई.

पाळकसाहेब डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. तो न्यावा की ठेवावा हेही त्यांना उमजेना. शेवटी बाईच म्हणाल्या, “न्या. कोनी तरी जेवन.”

पण बाईंना खरं कोसळवलं ते हर्षानं. हर्षा त्यांचीच विद्यार्थिनी. देवळातल्या रविवारच्या शाळेत त्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकलेली, आता लग्न होऊन पुसदला असते. बातमी कळली तशी धावत आली, बाईंच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून, फार मायेनं, लहानपणी पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली, “बाई, तुमीच शिकवलं होतं ना आम्हाले? माळी बागेत येते तवा सगळ्यात चांगलं फूल आधी तोडते. प्रभूले आपला योएल आवडला.”

बाईंनी हर्षाचे हात गळ्यातून सोडवले, हळूच, आणि उठून आत गेल्या. हर्षा मला विचारत राहिली, “माह्यं काही चुकलं का, ताई?” तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं बाईंचंच नाणं बाईंना परत दिलं होतं.

मी आत गेले तर बाई कोठीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “वर्षा, हा दाखला मी एकीले देल्ला होता. तिची पोरगी समोर ठेवली होती तवा.”

मग त्यांनी जमनाची गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी बाई जवळच्या एका तांड्यावर शाळेत होत्या. तिथली जमना राठोड, तिची सोनी नावाची पोर बाईंच्या वर्गात, हुशार, वेण्यांना लाल रिबिनी. तापानं गेली. बाई तांड्यावर गेल्या आणि जमनाच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी फुलाचा दाखला दिला. “चांगलं वाटलं मले,” बाई म्हणाल्या. “घरी येताना वाटलं, आज प्रभूनं माह्या तोंडात शब्द घातला. चांगलं वाटलं, वर्षा! आपल्याले चांगलं वाटाले आपण जातो का लोकाइच्या मैतीले?”

मी म्हटलं, “तुम्ही चांगल्या मनानंच बोललात.”

“थे हर्षाबी चांगल्याच मनानं बोल्ली ना.”

त्यानंतर त्यांचा एकच ध्यास. जमनाला भेटायचं. पण पाय उचलत नव्हता. दर आठवड्याला म्हणत, बाजाराच्या दिवशी जाऊ. बाजाराचा दिवस आला की म्हणत, गुडघा दुखून राह्यला. बाईंना भीती कशाची वाटत होती ते मला दिसत होतं. जमनानं जर म्हटलं असतं की हो, तुम्ही मला दुखावलंत, तर मग त्यांचे जन्मभराचे सगळे दाखले संशयात सापडणार होते. नळ, कुकर, भाकर, सगळेच. त्यांच्या धर्माचं कुलूप ज्या किल्लीनं उघडायचं तीच खोटी निघाली तर या वयात त्यांनी जायचं कुठं? त्या पुन्हा प्रार्थना करतील की नाही, हे मला तरी त्या भेटीवरच टांगलेलं वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर मीच रिक्षा ठरवली आणि छत्री त्यांच्या हातात दिली.

तांडा आता पुष्कळ पक्का झालेला आहे. सिमेंटची घरं, दाराशी मोटारसायकली, गच्चीवर वाळत घातलेला कापूस. जमनाचं घर शोधायला लागलंच नाही, कारण त्या एकाच घरापुढं झेंडू माजला होता. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, छातीएवढी झाडं. पण सगळी फुलं झाडावरच वाळलेली. दसरा, दिवाळी होऊन गेलेली, बाजारात झेंडूला केवढी मागणी, आणि इथं एकही फूल खुडलेलं नाही. जमनाची सून अंगण झाडत होती. मी न राहवून विचारलं तर ती फणकारली, “काय सांगू ताई, सासू हात लावू देत नाही. दसऱ्याले दाराचं तोरण आमी बाजारातून इकत आणतो. लोकं हासतात आमाले.”

जमना बाहेर आली. वाळकी, उंच, हातात कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या. तिनं बाईंना लगेच ओळखलं. “बाई! बेस, बेस,” म्हणून तिनं बाज ओढली. मग म्हणाली, “तुमचं पोरगं गेल्याचं आइकलं मी. तुमच्याकडं याचं होतं मले. नाही आली.”

“काहून नाही आली व?”

“काय बोलू येऊन? मले तुमच्यावाणी बोलता येत नाही.”

ती टोमणा मारत नव्हती. सरळच सांगत होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. बाईंनी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली. “जमने, सोनी गेली त्या दिवशी मी तुले काही म्हटलं होतं. आठवते?”

“आठवते ना. देव चांगलं फूल पयले तोडते म्हने.” जमना खाली अंगणात बसली. “तुमी गेल्यावर मी लय इचार केला, बाई. म्हटलं, सोनी चांगली होती म्हणून गेली. खराब असती त राह्यली असती. मंग मीच तिले चांगलं काहून केलं? कायले तिचे केस इंचरले, कायले शाळेत धाडलं? शेंबडी, अडाणी ठेवली असती त देवाची नजर गेली नसती. लय वर्सं हेच डोक्यात. पोरगा झाला मंग मले, त त्याले मी नवं कापड घालत नव्हती. आन् फूल तोडाले हात उठत नाही. वाटते, देव म्हनन, ही बी तोडते, मंग मी कायले नाही तोडू?”

सुनेचा झाडू थांबला होता. तिलाही हे आजच कळत होतं.

मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. देव तसा नाही, मी चुकीचं सांगितलं, खरं असं आहे. त्यांच्याजवळ शब्दांना काय तोटा! पण त्यांनी छत्री खाली ठेवली, बाजेवरून उतरून जमनासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “चुकलं माह्यं.” मग बांध फुटला. योएल गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते त्या अंगणात आलं. बाई मोठ्यानं रडल्या, पदर तोंडाशी न धरता, लहान पोरासारख्या.

जमनानं त्यांना ‘असू द्या’ म्हटलं नाही. पाठीवर हात फिरवला नाही. रडू ओसरेपर्यंत बसून राहिली आणि मग विचारलं, “पोराचं नाव काय होतं?”

“योएल.”

“जेवाले काय आवडे त्याले?”

“भाकर. कडक.”

जमना उठली. चुलीत काड्या सारल्या, पीठ मळलं आणि भाकर थापली. तव्यावरून उतरवून ती निखाऱ्याला उभी लावली, चांगली वाजेपर्यंत. पितळीत घालून आमच्यामध्ये आणून ठेवली. तिघींनी मोडून खाल्ली. कालवण नव्हतं, कुणी मागितलंही नाही. माझ्या मनात आलं, यात दाखला असणार, मोठा असणार, आणि मी बाईंच्या चष्म्याकडं पाहिलं. चष्मा जागेवर होता. त्या भाकर चावत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

निघताना जमना झेंडूत शिरली. वाळलेली बोंडं तिनं मुठीमुठीनं ओढून काढली. “सुकलेल्याले तोडणं म्हनत नाही,” असं आपल्याशीच म्हणाली, आणि बाईंच्या रुमालात बांधून दिली.

रिक्षात बाईंनी गाठ सोडली. एक बोंड चुरगाळून तळव्यावर घेतलं. काळ्या काड्या, टोकाला पांढरा केस. वाळून गेलेल्या फुलाच्या पोटातून आलेलं बी, आणि तेही सुवार्ताबाईंच्या तळहातावर! इतका आयता दाखला त्यांना जन्मात मिळाला नसेल. मीसुद्धा तो सांगू शकले असते. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी मूठ मिटली.

“काय बाई?” मी विचारलं.

“काही नाही. बी हाये झेंडूचं,” त्या म्हणाल्या आणि रुमालाची गाठ पक्की बांधली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. मी पोळी तव्यावर टाकून धावत जाऊन कान लावला. आवाज बारीक होता आणि भाषा सोवळ्यातली नव्हती. “प्रभू, मी बोलून राह्यली. सुवार्ता. मले काही समजून नाही राह्यलं.” बराच वेळ काही नाही. मग “आमेन.” माझी पोळी जळली.

बाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात, साध्या खोकल्याचं निमित्त होऊन गेल्या. तोवर आमची बदली झालेली होती. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला तर त्यांनी मला उठवून, त्यांच्या लोकांत करतात तसा, उजवा हात उचलून सलाम केला. त्या गेल्याचा निरोप हर्षानं फोनवर दिला. योएलच्या शेजारीच जागा मिळाली म्हणाली. मी दुपारभर काही केलं नाही. कुकर लावायचा होता, तोही लावला नाही.

पण बाई म्हटलं की मला दिसतात त्या त्याआधीच्या ईस्टरच्या दिवशीच्या. त्या सकाळी त्यांची मंडळी सूर्य उगवायच्या आधी कबरस्तानात जमते. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो. मेणबत्त्या लावतात, गीतं म्हणतात, आणि ज्याची त्याची फुलं ज्याच्या त्याच्या माणसावर ठेवतात. दरवर्षी तिथं सुवार्ताबाई उभ्या राहून एक दाखला सांगत. गावात ते ठरलेलंच होतं. त्या वर्षी मी पहिल्यांदा गेले आणि कुंपणापाशी उभी राहिले. योएलची कबर दुरूनच ओळखू आली. तिच्या चारी बाजूंनी झेंडू होता. बाईंनी हिवाळाभर घागरीनं पाणी घातलेलं, पिवळा, भरगच्च, अजून दंवानं ओला. बाई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्या बाजूला, पहिल्या गाडीनं आलेली, जमना.

गीत संपलं. पाळकसाहेब, मागच्या अनुभवानं शहाणे झालेले, चाचरत म्हणाले, “बाई, तुम्हाला वाटलं तर… दोन शब्द.”

बाई उठल्या. त्यांनी झेंडूकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. त्यांना काही सांगायचं आहे असं वाटलं आणि नाही असंही वाटलं.

“झेंडू हाये,” त्या म्हणाल्या. “तोडू नका कोनी.”

आणि खाली बसल्या. एवढंच.

सगळ्यांत पुढं हर्षा उभी होती, पुसदहून योएलसाठी फुलांचं ताट घेऊन आलेली. गुलाब, मोगरा, शेवंती, सगळी ताजी खुडलेली. तिचा चेहरा पडला. ती ताट घेऊन मागं सरकू लागली, आणि तिच्यामागच्या बायकाही आपापली फुलं पदराआड लपवू लागल्या.

बाईंनी ते पाहिलं. “आण व हर्षा, आण,” त्या म्हणाल्या. “तोडली थे तोडली. त्या फुलाइचा काय दोष?” आणि ताटाला जागा व्हावी म्हणून त्यांनी छत्री उचलून मांडीवर घेतली आणि जमनाला हातानं थोडं पलीकडं सरकायला सांगितलं.